नसीमबानू 'अ' वर्गात गेली त्याची गोष्ट

नसीमबानूच्या पार्लरला बोर्ड होता. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या बोर्डामुळेच झालं.

खडकी बाजारात शिंप्याच्या दुकानाला लागून एक खुर्ची, एक बाकडं आणि मधे फुलाफुलांचा पडदा, एवढं तिचं पार्लर. नवरा मकबूल रिक्षा चालवायचा. तो गेला तेव्हापासून घर त्या एका खुर्चीवर चाललं. गिऱ्हाईक म्हणजे मागच्या गल्ल्यांमधल्या बायका आणि दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टर्समधल्या. कुणी तिला नसीमताई म्हणायचं, कुणी आपा. ती दोघींच्या भुवया सारख्याच जोरात ओढायची.

तिची एक पद्धत होती. फेशियलचं किट ती गिऱ्हाइकासमोर फोडायची. आधी सीलवर त्या बाईचं बोट ठेवायची, "बघा, अखंड आहे ना?" म्हणायची, आणि मग कात्री लावायची. एका किटमध्ये दोन चेहरे उरकणारी पार्लरं कमी नाहीत. बायकांना ते माहीत असतं, तरी बोलत नाहीत. नसीमबानूकडे बोलायची वेळच येत नसे. तिच्याकडे एसी नव्हता, मोठा आरसा नव्हता. लोक येत ते या सीलसाठी.

माल यायचा कात्रजहून. तिथे कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरचं गोडाऊन. त्यांचा सेल्समन राकेश पूर्वी येता-जाता स्कूटरवरून वॅक्सचे दोन डबेसुद्धा टाकून जायचा, वर चहा पिऊन जायचा. मग नियम आला. ऑर्डर किमान पाच हजारांची. त्याच्या खाली माल पाहिजे तर डिलिव्हरीचे चारशे वेगळे. मोठ्या सलूनना डिलिव्हरी फुकट. ज्याला परवडतं त्याला फुकट आणि ज्याला परवडत नाही त्याला दर, हे गणित ज्याने काढलं त्याला माझ्यापुढे आणून बसवा, एवढीच माझी मागणी आहे. मी खडकीत छोट्या धंद्यांतल्या बायकांची संघटना चालवते, आणि हा नियम मी तेव्हाच लावून धरणार होते. नसीमबानूने मला थांबवलं. "ताई, तुम्ही मोर्चा काढाल, तोवर माझं वॅक्स संपेल. मी बघते."

तिने जे बघितलं ते असं. ती वर्षानुवर्षं गल्लीतली भिशी चालवायची. सगळ्यांनी दरमहा पैसे घालायचे आणि एकीने उचलायचे, पुढच्या महिन्यात दुसरीने. तिने मालाचीच भिशी केली. ती, नीरजा आणि सलोनी. नीरजा क्वार्टर्समध्ये राहायची आणि आतल्या खोलीत बायकांचं करायची. सरकारी घरात धंदा चालत नाही, म्हणून बोर्ड नाही, लायसन नाही. सलोनी बॅग घेऊन घरोघरी फिरायची. बोर्डाचा फोटो असल्याशिवाय कंपनी खातं उघडत नव्हती, म्हणजे खातं एकट्या नसीमबानूचं. दर महिन्याला तिघींनी सारखे पैसे घालायचे, तिच्या नावावर पाच हजारांची ऑर्डर टाकायची, आणि आख्खा माल एकीने न्यायचा. वॅक्स टिकतं, किट टिकतं. तीन महिन्यांचा साठा एकदम घरात. चारशे रुपये कुणालाच नाहीत.

मला ते भलतंच आवडलं. नीरजाने पहिला नंबर घेतला, सलोनीने दुसरा. नसीमबानूने शेवटचा. भिशी चालवणारी पहिला नंबर घेते, ही जगाची रीत. मी तसं म्हटलंही.

"माझा बोर्ड आहे," ती म्हणाली. "मी कुठे पळून जाते?"

अशा दोन फेऱ्या सुरळीत झाल्या. तिसऱ्या फेरीत नसीमबानूचा नंबर आला तेव्हा दिवाळीनंतरची लग्नं सुरू झाली, आणि त्यातलं एक लग्न अवनीचं होतं.

अवनी क्वार्टर्समधली. दहावीत असताना आईच्या मागे लपत पहिल्यांदा भुवया करायला आली, तेव्हापासून नसीमबानूचीच. तिची कातडी नाजूक. दुसरं काहीही लावलं की मानेपर्यंत लाल चट्टे. या एका कंपनीचं पार्लर-पॅक तेवढं तिला मानवायचं, आणि ते बाजारात सुटं मिळत नाही. अवनीच्या आईने नवरीचं, स्वतःचं, नवरीच्या दोन मावश्यांचं, करवलीचं, सगळं नसीमबानूला सांगितलं होतं. घरमालकाने भाडं वाढवलेलं. हे एक लग्न नीट पार पडलं की खुर्ची आणखी वर्षभर तिची राहणार होती. ती मला हे सांगताना वॅक्सच्या भांड्याचा कडेला चिकटलेला थर सुरीने खरवडत होती.

त्याच आठवड्यात राकेश आला. हातात कंपनीचं कॅलेंडर आणि पेढ्यांचा पुडा.

"अभिनंदन, ताई. तुम्ही अ वर्गात गेलात."

"कशात गेले?"

"अ वर्ग. आतापर्यंत क मध्ये होतात. कॉम्प्युटरने बघितलं, दर महिन्याला न चुकता ऑर्डर, एवढी कन्सिस्टन्सी आख्ख्या खडकीत कुणाची नाही. आता तुम्हाला डिलिव्हरी कायमची फुकट."

नीरजा तिथेच बाकड्यावर बसली होती. ती हसून म्हणाली, "घ्या आपा, तुम्ही क्लासवन ऑफिसर झालात. आम्हाला ओळख द्या."

नसीमबानूने पेढा तोंडात टाकला. मग विचारलं, "आणि ऑर्डर?"

"अ वर्गाची किमान ऑर्डर पंधरा हजार," राकेश म्हणाला. "तुमच्यासारख्यांना काय जड आहे?"

तिने त्याला सगळं सांगितलं. तीन बायका, एक बोर्ड, भिशी. राकेशचं तोंड उतरलं. तो वाईट मुलगा नाही. "ताई, हे माझ्याजवळ बोललात ते ठीक, साहेबांजवळ बोलू नका. एका खात्यावर तिघींचा माल म्हणजे खातंच बंद करतील."

"मग मी वर चारशे भरते. पाच हजारांचाच माल दे."

"चारशेची सोय क वर्गाला आहे. अ वर्गात पंधराच्या खाली ऑर्डर सिस्टीम घेतच नाही."

नीरजा आणि सलोनीला धरून तिघींनाही पंधरा हजार उभे करता येत नव्हते. त्या दोघींनी आपापला साठा नुकताच उचलला होता आणि त्यातला बराच वापरून झाला होता. नीरजाने दुसऱ्या दिवशी तीन किट आणून दिली. तिन्ही फोडलेली, प्रत्येकात थोडंथोडं शिल्लक.

"आपा, आतलं तेच आहे. कुणाला कळतंय?"

"मला," नसीमबानू म्हणाली, आणि पिशवी तिच्या हातात परत दिली. रागाने नाही. मला वाटतं तेव्हापासूनच तिच्या आवाजातून काहीतरी निघून गेलं होतं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पंधरा त्रिक पंचेचाळीस असा पाढा म्हणावा तशी ती बोलायला लागली.

मी तिला घेऊन कात्रजला गेले. दोन बस बदलून. ती खिडकीशी बसून बाहेरची दुकानं बघत होती. मी मात्र मालकाला काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करत होते.

मालकाचं नाव गोपाळकृष्ण. सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेला माणूस. त्याच्या काउंटरवर पाटी होती: 'चौकशी एकदाच करावी.'

नसीमबानूने आपली ओळख सांगितली. त्याने स्क्रीनवर बघितलं. "अ वर्ग. वा. बसा."

खुर्ची एकच होती. ती बसली नाही.

"साहेब, मला परत क वर्गात टाका."

त्याने चष्मा काढला. "इतकी वर्षं हा व्यवसाय करतोय, लोक वरच्या वर्गासाठी भांडायला येतात. खाली ढकला म्हणून आलेल्या आपण पहिल्या."

"मला एका नवरीपुरता माल पाहिजे. मी इथूनच घेऊन जाते, डिलिव्हरी करू नका."

"त्यासाठी दुकान असतं. आम्ही डिस्ट्रिब्युटर आहोत. वर्गाचा फेरविचार मार्चअखेर होतो."

"लग्न डिसेंबरात आहे," मी म्हणाले.

"मग लग्न मार्चमध्ये ठेवा, असं मी म्हणू शकत नाही."

तिथे माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मोठ्यांची डिलिव्हरी फुकट करता ती कुणाच्या खिशातून करता, हे विचारलं. हिच्यासारख्या शंभर बायकांच्या चारशे-चारशेतून तुमचा टेम्पो फिरतो, हे सांगितलं. गोडाऊनमधले हमाल खोकी उचलायचे थांबले. गोपाळकृष्णाने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, आवाजाने वर्ग बदलत नाही. आपलं पार्लर कुठे आहे?"

"माझं पार्लर नाही."

"मग आपली चौकशी झाली."

मी आणखी बोलणार होते. नसीमबानूने माझं मनगट धरलं आणि मला बाहेर नेलं. बाहेर डेअरीचा टँकर वळत होता, तो जाईपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. तिने ओढणीने चेहरा पुसला, घाम होता. "चला ताई. पाचनंतर बसला गर्दी होते."

तिने पुढे जे केलं ते मला चार दिवसांनी कळलं. खडकी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठं सलून झालं होतं, काचेचं दार, आत थंडगार. तेही अ वर्गातलं, खरोखरचं. नसीमबानू तिथे गेली आणि मॅनेजर पोरीला म्हणाली, "माझ्याकडे एक लग्न आहे. पाच बायका. ते मी तुमच्याकडे आणते. अट एवढीच, नवरीला हात मी लावणार. आणि किट तिच्यासमोर फुटलं पाहिजे."

मॅनेजर खूश झाली. न मागता आलेलं लग्न. बिल सलूनचं, नसीमबानूला दिवसाचा रोज आणि वर थोडं कमिशन.

ठरलेल्या दिवशी मी मुद्दाम त्या सलूनमध्ये गेले. भुवया करायचं निमित्त, बाकी आयुष्यात मी भुवयांना दोरा लावलेला नाही. नसीमबानूने काळा टीशर्ट घातला होता, छातीवर सलूनचं नाव. खाली तिची नेहमीची सलवार. डोक्यावरची ओढणी आरशातल्या दिव्यांमध्ये फिकी दिसत होती. अवनीच्या आईने तिला बघितलं आणि क्षणभर ओळखलंच नाही.

"अगंबाई, नसीमताई. तुमचं ते बंद केलंत?"

"नाही वहिनी. इथे एसी आहे. नवरीला घाम नको."

"ते बरं केलंत," आई म्हणाली आणि मावश्यांकडे वळली.

अवनी खुर्चीत बसली. नसीमबानूने किट तिच्यापुढे धरलं, तिचं बोट सीलवर ठेवलं. "बघ."

"तुमचं मी कधी बघत नाही," अवनी म्हणाली.

"बघ तरी."

अवनीने बघितलं. कात्री लागली. पुढचे दोन तास नसीमबानू वर मान न करता काम करत होती. चट्टा उठला नाही. पोरगी अशी दिसत होती की मावशीने कानामागे काजळ लावलं. काउंटरवर बिल झालं, मॅनेजरने अवनीच्या आईला सलूनचं सवलतीचं कार्ड दिलं. "पुढच्या वेळी दाखवा, मॅडम." आईने ते पर्समध्ये ठेवलं. जाताना सगळ्या बायका नसीमबानूला छान झालं, छान झालं म्हणून गेल्या. ती खाली पडलेला कापूस गोळा करत "हो, हो" म्हणत होती.

मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"कशाचं?" तिने खरंच विचारलं.

अवनीची आई परत शिंप्याशेजारच्या पडद्याआड आली नाही. मावश्याही नाहीत. कार्ड होतं, एसी होता आणि नसीमताईही तिथेच दिसली होती. यात त्यांची चूक शोधायला मी बसले, सापडली नाही. जानेवारीत मॅनेजरने तिला पगारावर बोलावलं. नसीमबानूने घरमालकाला किल्ली दिली. बोर्ड शिंप्याने मागून घेतला, पत्रा चांगला होता, मागच्या बाजूला रंग देऊन त्याने आपलं नाव लिहिलं. नीरजा आणि सलोनी आता पुन्हा चारशे भरतात. कुणाच्या तरी बोर्डावर, कमिशन देऊन. भिशी मोडली.

फेब्रुवारीत मी कंपनीला द्यायचा किमान ऑर्डरविरुद्धचा अर्ज तयार केला. वकिलाकडे गेले नाही, स्वतः लिहिला, सहा वेळा फाडून. त्यावर पार्लरवाल्या बायकांच्या सह्या हव्या होत्या. नीरजा म्हणाली, माझं पार्लर कागदावर नाही, सही केली तर क्वार्टर जाईल. सलोनी म्हणाली, माझा पत्ता बॅग आहे. मी सलूनच्या मागच्या दाराशी गेले. नसीमबानू जेवणाचा डबा धूत होती. मी अर्ज पुढे केला, सगळा वाचून दाखवला. तिने मधे एकदाच थांबवलं. "'लूट' लिहिलंय ते काढा. त्यांनी पेढे दिले होते."

"ते मी काढणार नाही. सही कर."

तिने ओले हात टीशर्टला पुसले आणि कागद हातात घेतला. सहीच्या रेघेखाली मी छापून घेतलं होतं: पार्लरचे नाव. तिने त्यावर बोट ठेवलं.

"इथे काय लिहू, ताई?"

"तुझं नाव लिही. नुसतं."

"नुसत्या नावाला ते विचारतील का? तुम्हाला कात्रजला कुणी विचारलं?"

आतून मॅनेजरने हाक मारली, वॅक्सचं गिऱ्हाईक आलं होतं. नसीमबानूने कागद घडी न करता माझ्या हातात परत दिला, डबा पुसून पिशवीत टाकला आणि आत गेली. राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. दार आपोआप बंद होणारं होतं, ते झालं.

अर्ज मी तरीही दिला. माझ्या एकटीच्या सहीने.