दिनकर व्हेनिसला होता

माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. या एका सत्यावर पदार्थविज्ञान, न्यायशास्त्र आणि मानवी संस्कृती उभी आहे... आणि सौदीत नोकरी केलेल्यांना हेही ठाऊक आहे, की ते एक ठिकाण कोणतं हे आपला कफील ठरवतो.

आधीच सांगतो, अमानवी वगैरे कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असे अनुभव मी आवडीने वाचतो, पण निम्म्या ठिकाणी मला भुतापेक्षा खराब वायरिंगचाच संशय येतो. तरीही हे लिहितोय, कारण यात मी स्वतःच साक्षीदार आहे, आणि दुसऱ्यावर संशय घेणं जितकं सोपं असतं तितकं हे सोपं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तेलाचा पैसा इतका वाहत होता, की जेद्दात सकाळी दिसलेलं मोकळं मैदान संध्याकाळी बाजारपेठ झालेलं असे. अझीझियातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघं सुरुवातीला एकत्र राहिलो. मी इंजिनिअर, शिरीष ड्राफ्ट्समन आणि दिनकर तांडेल. दिनकर वेंगुर्ल्याचा, एसी आणि थंड यंत्रांचा मेकॅनिक. दुसऱ्याने केलेल्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय त्याला घास गिळता येत नसे. पुढे शिरीष लग्न करून म्युनिकला गेला आणि दिनकर रियाधच्या दक्षिणेला, अल खर्जमधल्या एका मोठ्या डेअरीवर लागला.

डेअरीचा मालक अबू सालेह हाच त्याचा कफील. कफील म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर आपण त्या देशात असतो तो. आपण विमानातून उतरलो की पासपोर्ट त्याच्या तिजोरीत जातो आणि आपल्या हातात राहतो इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना. देशाबाहेर पडायचं तर कफीलने सही करायची, पासपोर्ट काढून द्यायचा. बाकी मग यल्ला, म्हणजे चला, निघा.

त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या कंपनीने काही पंप बघायला व्हेनिसजवळच्या कारखान्यात शिष्टमंडळ पाठवलं. शिष्टमंडळात पंपांतलं कळणारा एकच माणूस होता, म्हणून बॅगा मोजायचं काम त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. रविवारी कारखाना बंद. शिरीष आणि त्याची बायको लता म्युनिकहून रेल्वेने येणार होते. व्हेनिसच्या स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्याऐवजी थेट कालवाच लागतो. तिथल्या पायऱ्यांवर आम्ही भेटलो. मिठ्या मारून झाल्या, कोणाचं पोट सुटलं ते बघून झालं, आणि मागून आवाज आला...

"काय इंजिनेर, वळाखलास नाय?"

दिनकर! डेअरीच्या निळ्या गणवेशात, खिशावर अरबी अक्षरं, अंगात ना स्वेटर ना कोट.

"तू? इथे?" मी म्हणालो. "आणि पासपोर्ट?"

"मी तुका गावलंय ना? मगे पासपोर्ट कित्याक होयो?"

शिरीष हसत सुटला. "अरे, ह्याला आधी इकामा दाखव रे, नाहीतर हा तुला ओळखणारच नाही!"

मला हसू आलं नाही. त्या काळी मोठे शेख उन्हाळ्यात युरोपला जाताना आचारी, ड्रायव्हर, दाया असा सगळा लवाजमा नेत. पण फेब्रुवारीत मेकॅनिक कोण नेईल? मी विचारलं, अबू सालेह आलाय का? दिनकरने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

एका कॅफेत बसलो. वेटरने न विचारता चार कॉफ्या आणल्या आणि शिरीषने चारही कॉफ्यांचे पैसे दिले, म्हणजे निदान वेटरला तरी चार माणसं दिसली होती. लताने पिशवीतून बेसनाचे लाडू काढले. दिनकरने एक उचलला, चावला, आणि म्हणाला, "वैनी, बेसन कच्चा रवला."

"खायचा तर खा, नाहीतर ठेव खाली," लता म्हणाली.

त्याने खाल्ला. मग मुलीबद्दल बोलला. ती गावी जन्मून वर्ष होत आलं होतं, त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात पहिली रजा होती. ते सांगताना त्याचा चेहरा अगदी नेहमीसारखा झाला आणि माझा संशय जरा सैल पडला. तेवढ्यात तो उठला.

"एक काम करा. कोणी इचारल्यान तर सांगा, दिनकर आमच्यावांगडा होतो."

"तू आमच्याबरोबर होतास का, हे कोण विचारणार?" मी म्हणालो.

"सिगरेट घेवन येतंय," म्हणून तो कोपऱ्यावरून वळला. परत आला नाही. आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. त्या शहरात प्रत्येक गल्ली शेवटी पाण्यापाशीच संपते, त्यामुळे शोधणं लवकर आटोपलं. लता आजही म्हणते, थंडीत आपल्या सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती, त्याच्या नव्हती. मी ते पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मी देत नाही. माझं मत सरळ होतं: गडी कुठल्या तरी वाटेने पळून आलाय, आणि आता आपल्याला लफड्यात ओढणार.

जेद्दाला परतलो, तर ऑफिसात दिनकरच्या कँपमधून फोन आला होता. त्याच रविवारी दुपारी डेअरीत दुधाच्या टाक्या थंड ठेवणाऱ्या यंत्राचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केला होता. सगळं दूध नासलं. फोरमनने दिनकरला व्हॉल्व्हपाशी पाहिलं म्हणे. अबू सालेह त्याला पोलिसांत देणार होता. म्हणजे आधी तुरुंग, मग कायमचं घरी. मुलगी दिसली असती, पण कधी, ते कोण सांगणार?

मी मॅनेजरकडून दुसऱ्या शहरात जायला लागणारं प्रवासाचं पत्र घेतलं आणि विमानाने रियाध, तिथून टॅक्सीने अल खर्ज गाठलं. वाटेत माझं गणित जुळलं होतं: दिनकरने काहीतरी केलं, आणि साक्षीदार आधीच पेरून ठेवले. फक्त हे सगळं एकाच दुपारी दोन देशांत त्याने कसं जमवलं, एवढाच हातचा राहत होता.

तो कँपमधल्या खोलीत खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली.

"व्हेनिसला काय करत होतास?" मी दार लावून विचारलं.

"व्हेनिस? ता खय इला?"

"दिनकर, मला तरी खरं सांग."

"माका ताप होतो. सगळे कामार गेले, मी हयच पडान होतंय. कोणी बघूक नाय, ह्योच तर घोळ झालो." तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मी सगळं सांगितलं. लाडवापर्यंत. त्याचा चेहरा उतरला. "इंजिनेर, ह्या थंय बोला नको हां. पासपोर्टाशिवाय भायर गेलंय म्हणान आणखी एक केस होतली!"

त्याचं बरोबर होतं. माझं कोणी मानलं नाही तर मी खोटारडा, आणि मानलं तर तो फरारी. म्हणून मी ठरवलं, तो सज्जन आहे एवढंच सांगायचं आणि निघायचं.

अबू सालेहच्या बैठकीत तीन झुंबरं होती, दोन टीव्ही होते, आणि सोनेरी टेलिफोनला स्वतःची मखमली उशी होती. एसी इतका गार, की दूध तिथे ठेवलं असतं तर हा प्रसंगच आला नसता. फोरमन एका बाजूला उभा. वेलदोड्याची कॉफी झाली. मी दिनकरच्या सज्जनपणावर माझ्या मोडक्या अरबीत भाषण केलं. म्हातारा ऐकत होता. मग म्हणाला, "सज्जन सगळेच असतात. रविवारी तो कुठे होता, तुला माहीत आहे?"

नाही म्हणणं सोपं होतं. दिनकर दारात उभा होता, माझ्याकडे बघून मान हलवत होता. या वेळी ती 'नाही' म्हणून होती, यात शंका नव्हती. पण माहीत तर होतं...

"माझ्याबरोबर होता," मी म्हणालो. "व्हेनिसला."

फोरमन हसला. अबू सालेह हसला नाही. तो उठला, तिजोरी उघडून पासपोर्ट काढला आणि एकेक पान उलटून पाहिलं. इटलीचा शिक्का नव्हता. सौदीतून बाहेर पडल्याचाही नव्हता.

"वल्लाह?" त्याने विचारलं. देवाशपथ?

"वल्लाह," मी म्हणालो. स्वतःचा देव नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या देवाची शपथ घेतली. खरं बोलत होतो, म्हणून जड गेली नाही.

"आणखी कोणी पाहिलं?"

मी म्युनिकचा नंबर दिला. त्याने सोनेरी फोन स्वतः फिरवला. बाईचा आवाज ऐकताच घाईने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"लता, त्या रविवारी दिनकर होता ना?"

"म्हणजे काय, भाऊजी! माझ्या लाडवाला कच्चा म्हणाला मेला. ते मी या जन्मात विसरेन होय?"

"काय म्हणते?" म्हाताऱ्याने विचारलं.

"म्हणते, त्याने तिच्या मिठाईला नावं ठेवली."

अबू सालेहने पहिल्यांदाच दिनकरकडे नीट पाहिलं. "माझ्या घरच्या बिर्याणीलाही हा नावं ठेवतो," तो म्हणाला. मग फोरमनकडे वळला. "तू चेहरा पाहिलास?"

"निळा गणवेश पाहिला, शेख. पाठीमागून."

"निळा गणवेश मी दोनशे जणांना दिलाय. यांनी चेहरा पाहिला. खलास."

बाहेर आल्यावर दिनकरने मला बाजूला ओढलं. मग म्हणाला, "तुमी तिघांनी थंय काय घेतलेलास?"

व्हॉल्व्ह कोणी बंद केला ते कधीच कळलं नाही. शिरीषच्या मते तो दिनकरसारखा दिसणारा कोणी होता. मालवणी बोलणारा, लताला वैनी म्हणणारा आणि अल खर्जच्या डेअरीचा गणवेश घालणारा इटालियन, असं त्याला म्हणायचं असावं. लताचं मत वाफेवरून ठरलेलं आहे. माझं काहीच ठरलेलं नाही. खूप विचार केला, खूप वाचलं, पण खुलासा सापडला नाही. कोणाला सुचला तर जरूर कळवा.

पुढच्या महिन्यात दिनकरची रजा मंजूर झाली. फक्त एक दिवस कमी मिळाली, कारण त्या रविवारी तो विनापरवानगी परदेशात होता.