इंग्रजीतली भांडणं

लग्न झालं तेव्हा मी बारामतीत एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवायचे. नवरा वालचंदनगरला एका कंपनीत इंजिनिअर. दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, बाहेरच्या खोलीत सासूबाई. त्या निरवांगीच्या, शेतातून थेट क्वार्टरमध्ये आलेल्या. त्यांना मी आत्या म्हणायचे.

नवऱ्याला इंग्रजी वाचायला छान यायचं, बोलायला बसला की सगळं आडवंतिडवं. परदेशी पाहुण्यांबरोबर मीटिंग असली आणि कुणाचं पटलं नाही की सरळ 'यू आर राँग' म्हणायचा. साहेबानं एकदा त्याला बाजूला घेऊन समजावलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला, "मला भांडायला शिकव. त्यांच्या पद्धतीनं."

रविवारी आम्ही मोटरसायकलवरून पळसदेवला जायचो. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. तिथं चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवर बसून तो मुद्दाम काहीतरी बोलायचा, हे देऊळ कुरूप आहे, ऊस खाण्यापेक्षा रस बरा, आणि मी ते खोडून काढायचं. मग उलट. "आय अ‍ॅम अफ्रेड आय डोंट अग्री," मी शिकवलं.

"अफ्रेड कशाला? भ्यायचं काय त्यात?"

"भ्यायचं नसतं. समोरच्याला लागू नये म्हणून म्हणायचं."

"म्हणजे खोटं."

"खोटं नाही हो. मऊ."

तो इतका हसला की जाळी आवरणारे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

मला त्या खेळात एक वेगळीच मजा यायची. मराठीत मी त्याला अहो-जाहो करायचे आणि 'अहो'पासून सुरू झालेलं वाक्य शेवटी विनंतीवरच जाऊन संपायचं. इंग्रजीत तो नुसता 'यू' होता. मीही 'यू'. 'यू हॅव अ पॉइंट, बट' म्हणताना मी त्याच्या बरोबरीनं बसलेली असायचे. आमच्या लग्नातले सगळ्यात सुखाचे दिवस ते.

मग मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगी होती. बारामतीच्या दवाखान्यातून आम्ही जीपनं परत आलो. वाटेत रसवंतीपाशी ड्रायव्हरनं गाडी हळू केली, पण नवऱ्यानं हातानंच खुणावलं तसा तो पुढे निघाला.

पुन्हा प्रयत्न करू नका, जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. काही महिन्यांनी मी मूल दत्तक घ्यायचा विषय काढला. बाहेर आत्या होत्या, म्हणून इंग्रजीत. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "आय सी युवर पॉइंट, बट आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट."

वाक्यात एकही चूक नव्हती. मीच घोटून घेतलेलं. मी ते मऊपणाचं समजले, वरवरचं, मीटिंगमधलं, आणि मला राग आला. तो खरंच भ्यालेला होता का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

त्यानंतर घरात तसंच बोलणं सुरू झालं. 'विथ रिस्पेक्ट'. 'टू बी फेअर'. आवाज चढत नव्हता, भांडं आपटत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "लेट्स अग्री टू डिसअग्री." क्लासमध्ये मी याचा अर्थ सांगायचे की मतभेद बाजूला ठेवून चांगले संबंध ठेवायचे. आमच्याकडे त्याचा अर्थ झाला की हा विषय पुन्हा काढायचा नाही.

एकदा सकाळी मेथी निवडताना आत्या म्हणाल्या, "पोरी, तुमी दोघं भांडताय व्हय?"

"नाही हो, कामाचं बोलत होतो."

"मला काय येडी समजतीस? तोंडाकडं बघून कळतंय." त्यांनी निवडलेली पानं टोपलीत टाकली. "भांडा की. पण आपल्या बोलीत भांडा. हितं बसून मला कळतच न्हाय कुणाला गप म्हणावं. मधी पडाय येत न्हाय गं मला."

मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. संध्याकाळी तो आल्या आल्या त्या दारात उभ्या राहिल्या. "लेकरू आण. कुणाचं का असंना. मी सांभाळते."

"आई, तू यात पडू नको," तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत, "तू तिला सांगायला नको होतंस." त्या वाक्याच्या अलीकडे-पलीकडे एकही मऊ शब्द नव्हता.

त्यानं गुजरातेत नोकरी धरली. मी बारामतीत खोली घेतली. आत्या निरवांगीला धाकट्या मुलाकडे गेल्या. पुढे कोर्टात परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज झाला. कुणाची काही हरकत, असं विचारल्यावर आम्ही दोघंही 'नाही' म्हणालो.

आत्या कोर्टाच्या आत आल्या नव्हत्या. बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. मी वाकले तशी त्यांनी पिशवीतून एक दुपटं काढलं. जुन्या लुगड्यांचं, बारीक टाक्यांचं, बाळासाठी शिवलेलं. "तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. माझी रिक्षा वळेपर्यंत त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मी मूल आणलं नाही. एकटीला ते जमेल असं एखाद्या महिन्यात वाटतं, मग तो महिना जातो.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. धाकट्या दिराचा फोन आला, तेराव्याला निरवांगीला गेले. बायकांमध्ये बसले. कुणी विचारलं नाही की मी कोण लागते. अंगणाच्या पलीकडे माझा पूर्वीचा नवरा पाहुण्यांना पाणी देत होता, डोक्यावर मुंडनानंतरचे खुंट. पहिली पंगत उठायला लागली तशी मी न जेवताच चपला शोधत दाराशी आले. तो समोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"जेवून जा," म्हणाला.

मी परत आत गेले आणि पानावर बसले. वाढणारी बाई आमटी घालत होती, तेव्हा मला रडू फुटलं. शेजारच्या म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "लई माया होती व्हय गं तुझी त्यांच्यावर?"