सावित्रम्मांचा उंबरा इंग्लंडला जातो

काशप्पा मास्तरांचं स्वतःचं घर होतं, आणि ते इंग्लंडात होतं. राहायला मात्र मास्तर गुलबर्ग्यात, माणिकरावांच्या माडीवर, भाड्यानं. एक्केचाळीस वर्षं झाली. आता बोला!

माणिकरावांचा कायदा एकच. भिंतीला खिळा मारायचा न्हाई. म्हणून मास्तरांकडे बसवण्णांचा फोटो कपाटाला टेकून उभा, कॅलेंडर खिडकीच्या गजाला, आणि आरसा सावित्रम्मांच्या गुडघ्यांत. वेणी घालताना तो पडून दोनदा फुटला, तरी खिळा न्हाई. माणिकराव अधूनमधून न सांगता वर यायचे, भिंतींवरून नजर फिरवायचे, अर्धा कप चहा प्यायचे आणि जायचे.

सावित्रम्मांना आपलं घर पाहिजे होतं, बाकी सोन्याचा मणी मागितला न्हाई कधी बाईनं. माहेरी, राजेश्वर गावात, त्यांच्या वडलांनी बांधावरचा साग तोडून एक उंबरा तासून घेतला होता. "पोरी, घर बांधशील तवा दारात ह्योच बसव," म्हणाले आणि वर्षभरात गेले. तो उंबरा तीस वर्षं पलंगाखाली. दर पाडव्याला बाई तो बाहेर ओढायच्या, तेल चोळायच्या, हळदकुंकू वाहायच्या, परत आत सरकवायच्या. कडगंचीला एक प्लॉटही घेऊन ठेवला होता. घर आज न्हाई तर उद्या होणारच होतं.

तेवढ्यात पोराचा फोन आला. बसवप्रभु इंग्लंडात इंजिनियर. "अप्पा, हितं घर घ्या, भाड्यानं देऊ. भाडेकरू रांग लावायलेत." झालं! चाळीस वर्षं भाडेकरू राहिलेल्या माणसाला मालक व्हायची हौस आली. प्लॉट विकला, फंडाची रक्कम घातली, आणि बार्नथॉर्प नावाच्या गावात लाल विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं एक घर घेतलं.

आता मालक कसा असतो, हे मास्तरांनी जन्मात एकाचंच पाहिलेलं. दर रविवारी आंघोळ-पूजा आटपून साडेदहाला ते भाडेकरूला व्हिडिओ फोन लावायचे. तिकडं सकाळचे सहा. शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळं भाषेची अडचण न्हाई. "गुड मॉर्निंग. भिंती दाखवा." मग खिळे मोजायचे. पाहुणे कोण आलेत, मोरी कोरडी आहे का, लाईट का चालू, सगळं विचारायचे. वर्षभरात दोन भाडेकरू घर सोडून पळाले.

"कामून पळालेत, कळंना," मास्तर म्हणाले. मग एकदा फोनवर दार नीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "उंबराच न्हाई घराला! माणूस टिकंल कसा?"

सावित्रम्मांनी पलंगाकडं बघितलं. "त्यो माझ्या घराचा हाय."

"मग हे कुणाचं हाय? तुझंच की!"

सुट्टीला आलेल्या पोराच्या गळ्यात उंबरा पडला. वाकळेत गुंडाळून न्यावा लागला. विमानतळावर विचारलं, हे काय? तर पोरगं म्हणालं, "घर पुढं गेलंय, उंबरा मागनं चाललाय." लेकाला अर्धा तास बसवून ठेवलं.

तिसरी भाडेकरू डोरोथीबाई. सत्तरीची, बस चालवून रिटायर झालेली, कुत्र्याबरोबर एकटी राहणारी. ही सहाच्या आधीच उठलेली असायची आणि मास्तरांची वाट बघायची. "तुमच्या भिंतीला अकरा खिळे मारलेत," तिनं स्वतःहून सांगितलं. "तुमच्याकडं किती?" मास्तर खोटं बोलले न्हाईत. "एकही न्हाई," म्हणाले आणि त्या दिवशी फोन लवकर ठेवला.

उंबरा मात्र दारात बसेना. घर सांभाळणाऱ्या एजंटानं पत्र पाठवलं. दारात लाकूड ठेवू नये, कुणी अडखळेल. शिवाय घरात यायचं तर मालकानं चोवीस तास आधी लेखी कळवावं. "माझ्याच घरात यायला मीच चिठ्ठी द्यायची?" मास्तर भडकले. ते एवढे भडकले की पत्र आणखी दोनदा वाचलं.

पुढच्या रविवारी डोरोथीबाईनं हौसेनं परसदार दाखवलं. उंबरा विटांवर आडवा, त्यावर फुलझाडांच्या सात कुंड्या, आणि कुत्रं पाय वर करून त्याच्याकडं बघायलेलं.

सावित्रम्मांनी फोन पालथा ठेवला आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं.

एक दिवस, दोन दिवस, अठरा दिवस. भाकरी ताटात यायची, शब्द यायचा न्हाई. बाईचं घर आपण विकून खाल्लं, हे त्यांना अठराव्या दिवशी स्वच्छ कळलं, आणि ते मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि फोनवरूनच पाठवलं, एजंटाला आणि डोरोथीबाईला. उद्या सकाळी सहा वाजता घरमालकीण श्रीमती सावित्रम्मा फोनवरून घरात येणार आहेत. उंबऱ्याला हळदकुंकू, म्हणजे पिवळं बोट आणि लाल ठिपके, असावेत. चोवीस तास आधी कळवलं असे. आपला नम्र.

दुसऱ्या दिवशी डोरोथीबाई ठेवणीतला कोट घालून रस्त्यावर उभी. कुंड्या काढल्या होत्या, उंबरा घासूनपुसून दारात. एका मिनिटासाठी ठेवते, म्हणाली, एजंटाला काय ते मी बघते. हळदकुंकू कुठलं? तिनं मोहरीच्या पिवळ्या सॉसचं बोट ओढलं, टोमॅटो सॉसचे पाच ठिपके दिले. कुत्रं चाटायला धावलं, त्याला हाकललं. फोन दोन्ही हातांत छातीशी धरला, त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या सावित्रम्मा.

अठरा दिवसांनी त्या बोलल्या. "उजवा पाय आधी म्हणावं."

मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं. डोरोथीबाईनं उजवा पाय टाकला आणि सावित्रम्मा आपल्या घरात गेल्या. त्यांनी घर शांतपणे बघितलं. खिडकी बघितली, जिना बघितला, चूल बघितली. मग भिंतीसमोर फोन थांबला. कुत्र्याचा फोटो, मेलेल्या नवऱ्याचा फोटो, बसची टोपी, कॅलेंडर. अकरा खिळे, अकरा वस्तू. बाई किती तरी वेळ बघत राहिल्या. मास्तरांना वाटलं, समाधान झालं.

"चांगलं हाय घर," त्या म्हणाल्या. "आता त्ये विका. माझा उंबरा परत बोलवा. अन् हातोडी आणा."

"हातोडी कामून?"

बाईनं स्वतःच बत्ता उचलला, डब्यातला तीन इंची खिळा काढला, आणि एक्केचाळीस वर्षांच्या कोऱ्या भिंतीत ठाण ठाण घातला. पोपडा पडला. बसवण्णांचा फोटो वर चढला.

खालून माणिकराव ओरडले, "मास्तर! काय करायलाव वर? येऊ काय मी?"

मास्तर जिन्यातून वाकले. घरमालकापुढं पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "यायचं तर चोवीस तास आधी लेखी कळवा, माणिकराव!"

मग ते आत आले, डब्यातला दुसरा खिळा हातात घेतला आणि आरसा कुठं पाहिजे म्हणून बायकोला विचारलं.