क्लेमच्या नळीचा फुगवटा

क्लेम प्रूस लेथवर उभा राहिला की त्याच्याशी बोलायची सोय नसे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपात त्याने अडतीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या हातून वाकडी वस्तू म्हणून बाहेर पडली नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यात जास्त तो स्वतःच म्हणे. काम मनासारखं उतरलं की कडेला नावाची दोन बारीक अक्षरं कोरायची, ही त्याची रीत. येत्या डिसेंबरात तो निवृत्त होणार होता.

शेवटचं मोठं काम त्याने वासितीसाठी केलं. ही फिजीतल्या सुवा शहराची मुलगी इथे प्रबंध लिहायला आलेली. तिकडे मामाला मोमो म्हणतात, म्हणून ती पहिल्या दिवसापासून त्याला मोमोच म्हणायची, आणि हा वरवर कुरकुरत आतून विरघळायचा. तिला हवी होती पारदर्शक प्लॅस्टिकची हातभर उभी नळी, तिच्या आत पितळेचा दंडगोल, आणि दोहोंच्या मधे चार मिलिमीटरची फट. फटीत चमकी मिसळलेलं पाणी भरायचं आणि आतला दंडगोल मोटरने फिरवायचा. हळू फिरवला तर पाणी मुकाट्याने त्याच्यामागून गोल जातं. वेग वाढवत नेला की एका ठराविक वेगाला पाण्याची कडी तयार होतात, एकावर एक, बांगड्यांची चळत रचावी तशी. भिंती सरळ असतील, तर टोकं सोडून ती सगळीकडे एकदम दिसायला हवीत.

वासितीची कडी आधी मधल्या भागात दिसत, तीही ठरल्या वेगाच्या बरीच अगोदर. असं तीन महिने चाललं होतं.

"मोमो, रागावू नका हं," एकदा चहाच्या सुट्टीत ती म्हणाली, "पण नळी मधे जराशी रुंद तर नसेल?"

शेजारी खिमा भरलेला 'मीट पाय' खात बसलेल्या डार्सीला ठसकाच लागला. हा क्लेमच्या शेजारच्या लेथवरचा. "क्लेमची नळी? अगं, चूक निघालीच तर मोजपट्टीची निघेल!"

"तुझी मोटर धक्के देत असेल," क्लेम फटकन म्हणाला. "माझ्या नळीत खोट काढू नकोस, पोरी."

तिच्या प्रोफेसरांचंही मत मोटरवरच होतं. सोमवारी सगळी मोजमापं टाकून द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, असं त्यांनी तिला बजावलं होतं. हे सांगून ती गेली, आणि क्लेमचा लॅमिंग्टन केक बशीत तसाच राहिला. नळी त्याने मोजली होती ती दोन्ही टोकांना. मध्यापर्यंत त्याचं मोजायचं साधन पोचतच नव्हतं, आणि आपलं काम सरळच असणार, म्हणून त्याने पोचवायचा खटाटोपही केला नव्हता.

शुक्रवारी दुपारी मंडळी पत्ते कुटत बसली असताना त्याने नळी मागून आणली. लांब दांड्याच्या टोकाला बारीकसा फरकही दाखवणारी काट्याची तबकडी बसवली आणि आत सरकवली. टोकाला शून्य. मधे बारा. म्हणजे मिलिमीटरच्या शंभर भागांतले बारा.

त्याला सगळं आठवलं. पोरीला कडी स्वच्छ दिसावीत म्हणून त्याने काठीला फडकं बांधून नळी आतून घासली होती, आधी या टोकाकडून, मग त्या. दोन्हीकडचा हात मधे पडत गेला आणि तिथे दुप्पट झिजलं. जास्तीच्या लाडाने घात केला होता.

टोकं थोडी घासली की भिंत पुन्हा सारखी झाली असती. दुपारभराचं काम, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. फक्त वासितीचे तीन महिने कचऱ्यात गेले असते, आणि मोटर नीट लावता आली नाही हा ठपका तिच्यावर बसला असता. त्या विचाराची क्लेमला इतकी लाज वाटली की कान तापले. नळी बगलेत मारून तो थेट प्रयोगशाळेत गेला.

"मोटर ठीक आहे," तो प्रोफेसरांसमोरच म्हणाला. "चूक माझी. मधे बारा."

वासितीने कागद ओढला आणि भराभर आकडे मांडले. मग किंचाळलीच. "मोमो! फट एवढी रुंद असेल तर कडी जितकी लवकर यायला हवीत, तितकीच लवकर येतायत! माझी मोजमापं बरोबर आहेत!" तिने त्याला अशी मिठी मारली की नळी पडता पडता वाचली. "आता फुगवटा वाढला की कडी किती लवकर येतात ते बघायला मला अजून तीन नळ्या हव्यात. फुगवटा चोवीस, छत्तीस आणि अठ्ठेचाळीस. आणि अगदी नेमका हं!"

"अडतीस वर्षं सरळ करायला शिकलो," क्लेम वर्कशॉपात येऊन कुरकुरला, "आणि आता हिला नेमकं वाकडं हवंय!"

"जमेल रे," डार्सी म्हणाला. "एक तर न मागताच केलंस."

जमलं, पण घाम निघाला. निवृत्तीच्या दिवशी तिन्ही नळ्यांवर अक्षरं कोरून झाल्यावर क्लेमने ती पहिली नळी मागवून घेतली. तिच्यावर त्याची अक्षरं केव्हाचीच होती. तो ती खोडणार असं वाटून डार्सी चेष्टा करायला पुढे आला. पण अक्षरं क्लेमने तशीच ठेवली होती. त्यांच्याखाली, तितक्याच सुबक हाताने, तो कोरत होता: मधे १२.