चित्राच्या पाठीवरचं नाव

मालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी कागलला शिडीवर होतो. एका दवाखान्याच्या पाटीचा शेवटचा काना ओढायचा राहिला होता, तो तसाच राहिला... खाली उतरून ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला आणि फूटपाथवर बसून राहिलो. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. कावीळ म्हणून दवाखान्यात नेली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. पण हा लेख मी नुसत्या दुःखानं लिहीत नाही, हे आधीच सांगतो. तिच्या शोकसभेत आमच्या पेठेतल्या तालमीचे अध्यक्ष माईक धरून म्हणाले, "मालन कांबळेला पहिली संधी आमच्या तालमीनं दिली." समोर तिची आई बसली होती. तिच्याकडं बघून मी गप्प राहिलो. आता राहणार नाही.

कोल्हापुरात तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि त्या संघामागं अख्खी पेठ असते. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या तालमीनं संघाच्या चाहत्यांसाठी चित्रांची स्पर्धा काढली. आपल्या आवडत्या खेळाडूचं चित्र काढायचं. पहिलं येईल ते चौकातल्या भिंतीवर मोठं रंगवायचं आणि खाली काढणाऱ्याचं नाव घालायचं. भिंत रंगवायचं काम माझ्याकडं, म्हणून निवडीच्या वेळी मी तिथंच होतो. परीक्षक म्हणून बाहेरगावचे एक ड्रॉईंग मास्तर आले होते. त्यांनी सगळी चित्रं बघून एक उचललं... आमच्या संघाचा डाव्या पायाचा फॉरवर्ड, चिखलात घसरता घसरता चेंडू मारणारा. अध्यक्षांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि पाठीवरचं नाव वाचलं. मालन कांबळे, कसबा बावडा.

"काढलंय झ्याक की," ते म्हणाले. "पर भिंतीवर नाव पडणार हाय न्हवं मास्तर... पेठंतलंच कुणीतरी बघा."

पेठेचं निमित्त होतं. तिसरा नंबर बावड्याच्याच एका पाटलाच्या पोराला गेला, त्याला कुणाची हरकत नव्हती. मास्तर मान खाली घालून चहा प्याले. पहिला नंबर अध्यक्षांच्या पुतण्याला मिळाला आणि मी हूं की चूं न करता चार दिवस खपून पुतण्यानं काढलेलं त्याच फॉरवर्डचं चित्र भिंतीवर चढवलं. खाली त्याचं नाव लिहिलं, सावली देऊन.

पाचव्या दिवशी एक सडपातळ पोरगी भिंतीखाली येऊन उभी राहिली.

"पेंटर, पाय चुकलाय."

"कुणाचा?"

"त्येचा. त्यो डाव्यानं मारतो. तुम्ही उजव्यानं मारायला लावलाय."

"मूळ चित्रात तसंच आहे."

"मग काढणाऱ्यानं मॅच बघितल्याली न्हाय कधी."

ती मालन. वडील साखर कारखान्यात कामाला, बौद्ध घरातली, कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. पुढं ती माझ्याकडं चौकटी आखून लहान चित्र मोठं करायला शिकायला यायला लागली. मला दादा म्हणायची आणि कोल्हापुरी बायकांसारखं "मी आलो, मी गेलतो" असं ठणठणीत बोलायची. वर्षभरानं एकदा धीर करून मी तिला निवडीच्या दिवशी काय झालं ते सांगितलं. ती ब्रश धूत होती.

"नाव वाचून?"

"होय."

"बरं झालं सांगितलासा. मी इसरणार न्हाय."

आणि विसरली नाही. चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, कागलच्या शाळेत लागली, लग्नाचं नाव काढू दिलं नाही. दर वर्षी स्पर्धेची चित्रं दोरीवर लागली की येऊन एकेका चित्रासमोर उभी राहायची, कुठलं पहिलं यायला पाहिजे ते मला सांगायची. ते सहसा यायचं नाही. मग नुसतं हसायची... ते हसू मला आवडायचं नाही.

दहाएक वर्षांनी तालमीतल्या तरुण कार्यकर्त्यांनी तिलाच परीक्षक म्हणून बोलावलं. अध्यक्ष तेच होते, पण पोरांपुढं त्यांचं चाललं नाही. मालननं दोन अटी घातल्या. चित्रावर नाव नको, फक्त नंबर; नाव बंद पाकिटात. आणि गुण माईकवरून, सगळ्यांसमोर, कारणासकट सांगायचे. तोवर शहरात फ्लेक्स आले होते आणि माझ्यासारख्यांचे ब्रश वाळायला लागले होते. अध्यक्षांच्या पुतण्याचंच फ्लेक्सचं दुकान होतं. तो अधूनमधून मला किरकोळ काम द्यायचा. एक दिवस म्हणाला, "पेंटर, स्पर्धेला एक चित्र काढून द्या. भिंतीवर नाव आलं की दुकानाची जाहिरात व्हईल." मी काढून दिलं. परीक्षक कोण आहे हे ठाऊक असूनही दिलं.

मैदानावर दोनेकशे माणसं. मालननं पाच नंबर निवडले, गुण वाचले. सगळ्यांत जास्त गुण माझ्या चित्राला. पाकिटं फुटली, पुतण्याचं नाव पुकारलं, अध्यक्षांनी टाळी वाजवली. तेव्हा तिनं माईक परत हातात घेतला. "अजून एक अट हाय. ह्या पाचांनी हितंच बसून, तासाभरात, त्योच खेळाडू परत काढायचा."

पुतण्या बसला. घामानं त्याचा कागद ओला झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो फॉरवर्ड हाय का बुजगावणं?" आणि मैदान हसायला लागलं. अध्यक्ष पुढं आले. "त्येचा हात दुखतोय सकाळपास्नं."

"मग उठू दे की," मालन माईकवरूनच म्हणाली. "हात बरा झाला की फुडल्या साली या, पावणं."

पावणं! ज्या पेठेत तो जन्मला, त्याच पेठेच्या मैदानात त्याला पाहुणा केला तिनं. भिंतीवर त्या वर्षी दुधाचा धंदा असलेल्या घरातल्या एका सुनेचं चित्र लागलं. डोक्यावरचा पदर सावरत तिनं तासाच्या आत काढलं होतं. पाचांतली एक लाजाळू मुलगी मात्र एवढ्या माणसांत रेघ जमेना म्हणून रडत उठून गेली. पुतण्या उठला तेव्हा मालन त्याच्याकडं बघत नव्हती. गर्दीत मी उभा होतो, तिकडं बघत होती.

वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा आपणहून आली, स्टुलावर बसली. "सगळी म्हणत्यात मालनबाईनं न्याय केला. न्याय कसला दादा, सूड घेतलो मी. ती अट त्येच्यासाठनंच होती. ती पोरगी रडली, त्ये माझ्यावर हाय." पुढच्या वर्षीपासून तिनं ती अट काढून टाकली. बाकीच्या दोन आजही आहेत.

तर अध्यक्षसाहेब, तुम्ही तिला संधी दिली नाहीत. तुम्ही तिचं चित्र उलटं केलंत. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण भिंतीवर तुमच्या घरातलं एक नाव मी सावली देऊन लिहिलंय, तेवढं पुरे झालं. पेठ वाचेल तेव्हा पेठेला कळेल.

गेल्या आठवड्यात बावड्याला गेलो. तिच्या आईनं आतून एक जाड वही आणून माझ्या हातात दिली. "तुझ्याबद्दल बी कायतरी लिवलंय म्हणं त्यात," एवढंच म्हणाली. ती गुणांची वही होती. प्रत्येक चित्राचा नंबर, गुण आणि पुढं एक ओळ. मी तो मैदानावरचा दिवस शोधून काढला. माझ्या चित्राच्या नंबरापुढं तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं...

"हात दादांचा. पन्नासपैकी सेहेचाळीस. लाज शून्य."