मोडकं इंग्रजी

वैजनाथ पाठकांचं निम्मं आयुष्य क्रांती चौकामागच्या गल्लीत इंग्रजी लेखन शिकवण्यात गेलं. घराण्यात भिक्षुकी होती. वैजनाथ सरांचा जीव मात्र इंग्रजी वाक्यात अडकला.

फुलंब्रीहून बसनं येणाऱ्या सोनियानं पहिल्या दिवशी लिहून दाखवलं, त्यातलं प्रत्येक वाक्य ‘आय’नं सुरू होत होतं. आय गेट अप. आय मिल्क द बफेलो. आय कॅच द बस.

“नुसती ठेच लागत राहते वाचताना,” सर म्हणाले. “कधी वेळ आधी सांग, कधी कारण. एक वाक्य लांबलं की पुढचं आखूड ठेव.”

वर्षभर तिनं वाक्यं तोडली, जोडली, उलटीपालटी केली. पुण्याच्या एका कॉलेजच्या प्रवेशासाठी तिनं आईवर निबंध लिहिला, तेव्हा सरांना त्यात लाल खूण करायला जागा सापडली नाही.

कॉलेजनं तो परत पाठवला. हे एआयच्या यंत्रानं लिहिलंय, म्हणे.

सर स्वतः पुण्याला गेले. प्रवेशाचं काम बघणारा शंतनू त्यांच्या मुलाच्या वयाचा. “सर, खेड्यातली मुलगी असं लिहीत नाही,” तो म्हणाला.

“मी शिकवलंय तिला.”

“मग तुम्ही लिहा ना चार ओळी.”

सरांनी तिथंच बसून लिहिल्या. शंतनूनं त्या कंप्युटरवर तपासल्या. त्याही यंत्राच्याच निघाल्या. तो हसला असता तर बरं होतं. तो हळहळला, आणि तेच सरांना झोंबलं.

सोनियाला पुन्हा लिहायची संधी मिळाली. तिचे वडील काकासाहेब क्लासवर आले. “सर, तुमचं शिकवणं लई चांगलं, नाय म्हणत नाय. पण ह्या खेपेला तिचं तिला लिहू द्या.”

तिनं लिहिलं. सगळी वाक्यं ‘आय’नं सुरू, वर दोनतीन चुका मुद्दाम पेरलेल्या. प्रवेश झाला. लेखनात अस्सलपणा आहे, असं कॉलेजनं कळवलं.

पेढे घेऊन आली तेव्हा तिची मान वर होईना. “काम झालं ना,” सर म्हणाले. पेढा त्यांनी टेबलावर तसाच ठेवला.

बातमी पसरली. पालक सरळच विचारू लागले, “थोडं कच्चं लिहायला शिकवता का?” पहिल्या दोघांना सरांनी वाटेला लावलं. मग क्लास ओस पडायला लागला. जूनमध्ये एकदा त्यांनी फळ्यावर एक सुरेख वाक्य लिहिलं आणि मुलांना ते बिघडवायला सांगितलं. संस्कृती नावाच्या मुलीनं ते सगळ्यांत छान बिघडवलं.

सर तिला “शाबास” म्हणाले. मुलं गेल्यावर त्यांनी मूळचं सुरेख वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं, आणि मगच फळा पुसला.