उजव्या टोकाचा शिपाई

दर सप्टेंबरात इथे अमेरिकेत आमच्या गावाबाहेरच्या माळावर इथल्या स्वातंत्र्ययुद्धातली एक लढाई पुन्हा लढतात. म्हणजे नाटकच, बंदुकीचा बार उडतो, गोळी नसते. बायको गेल्यावर शेजारच्या निवृत्त अमेरिकन पीटी मास्तरांनी मला त्यात ओढलं. ते आमच्या तुकडीचे सार्जंट. भर उन्हात लोकरीचा कोट घालून घामाघूम व्हायची मला मुळीच हौस नव्हती. पण शनिवारी तालमीला कुणीतरी माझी वाट बघणार होतं, तेवढं मला पुरे होतं.

दुसऱ्या राज्यात, चँडलरला राहणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, दॅट इज सो रँडम! आणि तुम्ही लूजिंग साइडला?" महाराष्ट्र मंडळातला मित्र तर हसतच सुटला. "अरे यार, मराठी माणूस तू, आणि पळायची प्रॅक्टिस करतोस?"

हो, पळायचीच. शत्रूचे, म्हणजे इंग्रजांचे, थोडे लोक नदीपलीकडून तोफा वाजवत बसतात, आणि आम्ही तिकडेच बघत राहतो. तेवढ्यात त्यांचं मोठं सैन्य लांबून वळसा घालून उजवीकडच्या झाडीतून येतं आणि आमची दाणादाण उडते. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत मी वाढलो, पण त्यात आपण नेहमी वळसा घालणारे. फसणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायची ही पहिलीच वेळ.

अडचण एकच होती. समोर बघ म्हटलं तरी माझी मान उजवीकडे वळायची. मास्तर खेकसायचे, "ते येताहेत हे तुला अजून माहीत नाहीये!" शेवटच्या तालमीत पुन्हा वळलो, तेव्हा म्हणाले, जमत नसेल तर लढाईच्या दिवशी पाणी वाटायला जा. ही रांगही गेली तर शनिवारी जायचं कुठे?

मग सांगून टाकलं. आम्ही सगळे हिच्या गुडघ्याच्या मागे लागलो होतो. ऑपरेशन, फिजिओ, जिन्याला नवा कठडा. गुडघा छान बरा झाला आणि ती हार्ट अटॅकने गेली. चूक कुणाचीच नव्हती. पण तेव्हापासून नुसतं समोर बघत उभं राहणं मला जमत नाही.

मास्तरांनी दंडाला धरून मला रांगेच्या अगदी उजव्या टोकाला नेलं. "इथे उभा राहा. इथल्या माणसाने बघायचंच असतं. दिसले की ओरड."

लढाईच्या दिवशी मी तोफांकडे ढुंकूनही बघितलं नाही. झाडीत शत्रूचे लाल कोट हलले आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आले! आले! उजवीकडून आले!" चक्क मराठीत. तरी अख्खी रांग वळली. आम्ही बार काढले, थोडा वेळ तग धरला, आणि हरायचे ते हरलोच. वेळेवर बघून, वेळेवर सांगूनही हरलो. एकमेकांच्या बाह्या धरून आम्ही माळावरून मागे पळालो. पळता पळता मी ढसाढसा रडत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी बायकामुलं आपापल्या शिपायांना घरी घेऊन गेली. मीही आलो, आंघोळ केली, वरणभात खाऊन झोपलो. रविवारी कोट उन्हात टाकला, दिवसभर घरीच होतो.

आपला घसा पार बसलाय, आवाजच फुटत नाही, हे मला सोमवारी कळलं, ऑफिसच्या कॉलवर 'गुड मॉर्निंग' म्हणायला तोंड उघडलं तेव्हा.